जर्मनीचं पाणी

बातम्या ऐकताना चाचा टोपी काढून मांडीवर ठेवायचे. त्या संपल्या की टोपी डोक्यावर चढवून निकाल द्यायचे, "तिथलं पानी गोड हाय," नाहीतर "तिथलं पानी मचूळ." मोठमोठ्या देशांबद्दल त्यांचं मत एवढंच.

चाचा आमचे पनवेलचे शेजारी. उमेदीची वर्षं बोटीवर खलाशी म्हणून गेलेली. बोट बंदराला लागली की गोडं पाणी भरून घेण्याचं काम त्यांच्याकडे. जिथे बोट लागली नाही, त्या देशाबद्दल ते अवाक्षर काढत नसत. त्यांच्याकडे रेडिओ नव्हता, म्हणून संध्याकाळच्या बातम्यांना आमच्या ओट्यावर हजर. माणूस अंतराळात जाऊन आला त्या दिवशी सगळी आळी आभाळाकडे बघत होती आणि यांना भलतीच काळजी, "वर पानी कुठं भरतात?" अग्रलेख वाचून शहाणा झालेला मी खूप हसलो. 

त्याच वर्षी माझ्या थोरल्या भावाला कारखान्यातलं काम शिकायला जर्मनीला जायची संधी आली. आणि नेमकी बातमी आली, की तिथे बर्लिन शहराच्या मधोमध भिंत घालताहेत, माणसं जिथल्या तिथे अडकली. त्या दिवशी चाचा पाण्याचा निकाल न देताच टोपी घालून उठले. आईने हाय खाल्ली. पोरगा भिंतीपलीकडे राहिला तर? मी नकाशा पसरून भावाचं गाव भिंतीपासून किती लांब ते दाखवलं. वडिलांनी आवाज चढवून पाहिला. ती ऐकेना. शेवटी भाऊच म्हणाला, राहू दे, नाही जात.

दुसऱ्या दिवशी बातम्या संपल्या तरी चाचा उठले नाहीत.

"वहिनी," ते आत बघून म्हणाले, "जर्मनीला मी गेलेलो हाय. पानी गोड, मानसं पन बरी. बंदरावरच्या एका म्हातारीनं मला घरी नेऊन जेवू घातलेलं. पोराला जाऊ द्या."

आई दारात उभी राहून बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. मग आत गेली आणि भावाची पेटी भरायला बसली.

भाऊ दोन वर्षांनी धडधाकट परतला. पुढे आमच्या घराला बरे दिवस आले ते त्या जाण्यामुळे. चाचांचे हे उपकार आम्ही कधी विसरलो नाही.

चाचा वारले तेव्हा आई आणि मी त्यांच्या घरी भेटायला गेलो. बोलता बोलता मी चाचींना त्या जर्मन म्हातारीची गोष्ट सांगितली. 

"जर्मनी? नाय रे बाबा. त्यांची बोट बसऱ्याच्या पुढं कधी गेलीच नाय."

आम्ही घरी निघालो. वाटेत आई म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. पण माझ्यासाठी एवढं खोटं बोलावं, हे तुमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं."