मालतीमावशींचं वाण

मालतीमावशी गेल्या, आणि मला अजूनही त्यांचा राग येतोय.

इथे टेक्सासमधल्या प्लेनोत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणी स्टीलचे डबे वाटतं, कुणी सेंटेड कॅन्डल्स.
या बाईंनी मला वाणात काय द्यावं? कुंडीसकट झुडूप!

माझा नवरा, संजय, गेल्यानंतरची ती पहिली संक्रांत. अशा बाईला कुणी हळदीकुंकवाला बोलावत नाही, एवढं मला कळत होतं. बायकांचा व्हॉट्सॅप ग्रुप म्यूट करून घरी बसले होते.

मावशींचा फोन. "शनिवारी चारला ये."

"मावशी, मी आता कशी येऊ?"

"कशी म्हणजे? गाडीने."

गेले. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.
मावशींनी सगळ्यांदेखत मला कुंकू लावलं आणि चार वाळक्या काड्यांची ती कुंडी हातात कोंबली.

"बटरफ्लाय बुश आहे. मेलं तर याद राख."

झालं. तेव्हापासून डोक्याला ताप.

दर रविवारी व्हिडिओ कॉल.
"कॅमेरा झाडाकडे कर. तुझं तोंड नको दाखवू."
"केवढं ते पाणी! भात लावतेस का तिथे?"
"सुकलेले तुरे कापले नाहीस ना? आत्ता काप. मी लाइनवर आहे."

एकदा वैतागून म्हटलं, "मावशी, मला जॉब आहे हो!"
"ते झाडाला सांग."

आणि मेलंही नाही ते! मे महिन्यात जे फुलायला लागलं ते पार दिवाळीपर्यंत. जांभळे तुरे, मधासारखा वास, ही एवढी फुलपाखरं. येणारा-जाणारा बेल वाजवून विचारणार, "व्हॉट प्लान्ट इज दॅट?"
मला धड रडायलासुद्धा निवांतपणा मिळेना.

आज फ्यूनरल होममध्ये एक काकू म्हणाल्या, "सवाष्णींनी पुढे या, मालतीला हळदीकुंकू लावायचंय."

मी मागे सरकले. कुणी सांगायची गरजच नव्हती.

मावशींचे मिस्टर, दिलीपकाका, अतिशय अबोल माणूस. ते उठून सरळ माझ्यापाशी आले.

"तू आधी लाव. हिने सांगून ठेवलंय."

सांगून ठेवलंय! म्हणजे हॉस्पिटलच्या बेडवर पडून बाईंची ही व्यवस्था चालली होती. स्वतःच्या अंत्यविधीतसुद्धा मला एका कोपऱ्यात गप्प उभं राहू द्यायचं नाही.

लावलं मी. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांसमोर. चिमूट जरा मोठीच झाली, कुंकू त्यांच्या नाकावर सांडलं. काकांनी ते पुसू दिलं नाही.

मावशी, तुमचा राग येतो आणि तुमच्यावाचून करमत नाही.
मनापासून नमस्कार.