त्यानं पडदा ओढला नाही

डॉक्टरनं पडदा ओढला नाही. पडदा होता. हिरवा, कड्यांवर सरकणारा. मी टेबलावर पाय वर घेऊन पडलेली आणि दार अर्धं उघडं. बाहेर बाकांवर आमच्या सुरतेच्या डिंडोली भागातल्या बाया. निम्म्या माझ्याच गल्लीतल्या.

त्यानं वाकून बघितलं आणि कंपाउंडरला हाक मारली. "देख, धागा बांधा है इसने!"

दोघं हसले. मग आवाज चढवून त्यानं मला विचारलं, "कितनों के साथ सोती है?"

बाहेरची बडबड थांबली. मी साडी खाली ओढली. "तुम लोगों में यही चलता है," असं म्हणत त्यानं मलम लिहून दिलं. मी बाकांसमोरून बाहेर पडले तेव्हा एकही बाई माझ्याकडे बघेना. बाकावर बसलेली माझी शेजारीणसुद्धा नाही.

धाग्याचं सांगते. आमच्या खानदेशात चामखीळ आली की तिला घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधतात. मानेवरची असो, बगलेतली असो. ती वाळते, गळून पडते. सुरतेत घोडा कुठे शोधायचा? इथं आमची माणसं कापडाच्या लूमवर कामाला, ती तिथला नायलॉनचा धागा बांधतात. माझ्या खालच्या अंगाला चामखिळी आल्या तेव्हा मीही तेच केलं. सगळ्यात मोठीला धागा आवळला. ती काळी पडली, सुजली, रक्त यायला लागलं. बसता येईना. आणि माझं काम तर बसूनच करायचं. ओट्यावर साड्या पसरून टिकल्या चिकटवायच्या, दिवसभर. म्हणून गेले त्या डॉक्टरकडे. हौस नव्हती.

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. सासूनं माझं ताट वेगळं काढलं. बादली वेगळी. "तुले गावले धाडी देसू," ती म्हणाली. "पोर आठेच ऱ्हाई."

पोर म्हणजे माझी मुलगी, सातवीत शिकणारी. तिला इथंच ठेवून घेणार होती; माझ्याजवळ झोपूही देईना. नवरा लूमवरून आला, सगळं ऐकलं आणि मान खाली घालून जेवला. बाजू घेतली नाही, शिवीही दिली नाही. मला वाटलं, बिचाऱ्याला माझी लाज वाटतेय. किती भोळी होते मी!

सूज उतरेना, म्हणून सरकारी दवाखान्यात गेले. चामडीच्या विभागात एक बाई डॉक्टर होती. तिनं आधी पडदा ओढला. मग धागा कापला. हसली नाही. जखम भरली की चामखिळी गार वायूनं गोठवून जाळू म्हणाली. गेल्या तरी पुन्हा येऊ शकतात, आल्या तर घाबरायचं नाही, परत यायचं. स्वतः धागा, चुना, ॲसिड काही लावायचं नाही.

"कुणाकडून आलं?" मी विचारलं. माझा जीव तिथंच अडकला होता.

ती म्हणाली, सांगता येत नाही. हा विषाणू कातडीला कातडी लागून येतो, संबंधातून. अंगात महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं गप्प बसतो. निरोध वापरला तर धोका कमी होतो, पण पुरता जात नाही. ताटातून, बादलीतून पसरण्याची भीती धरू नका. ह्या चामखिळी म्हणजे कॅन्सर नव्हे; पण ह्याच जातीचे दुसरे विषाणू गर्भाशयाच्या तोंडाला कॅन्सर करतात, म्हणून ती तपासणी करून घ्या. मुलीला ह्यावरची लस मिळते, तिला द्या. आणि नवऱ्याला घेऊन या.

नवरा येईना. मी म्हटलं, नाही आलास तर मी लूमवर येऊन तुला बोलवीन. आला. पडद्याआड तपासून घेतलं आणि बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसला.

"माले बी व्हतात," तो म्हणाला. "मांगल्या साले जाळी टाकात."

"गेल्या साली? कुठं जाळून घेतल्यास?"

"तठेच गयथू. त्याच डॉक्टरकडे."

"त्यानं तुला विचारलं का, कितीजणींसोबत झोपतोस?"

"नही." तो म्हणाला, "पडदा लावेल व्हता."

म्हणजे त्याला पडदा. त्याला मान. बायकोलाही तपासून घे, एवढंही त्या डॉक्टरनं त्याला सांगितलं नाही. आणि हा माझ्यासमोर मान खाली घालून जेवत होता. माझं डोकंच फिरलं.

त्या संध्याकाळी मी त्याला आईसमोर उभं केलं. स्वतःच्या तोंडानं सांग म्हटलं. त्यानं सांगितलं. सासू माझं वेगळं ताट उचलून बाकीच्या ताटांत ठेवायला निघाली. मी ते तिच्या हातातून घेतलं आणि त्यात नवऱ्याला वाढलं. ताटातून काही होत नाही, हे मला माहीत होतं. तरी वाढलं. त्यानं मुकाट्यानं खाल्लं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

डॉक्टरचा हिशेब राहिला होता. बाकं भरलेली असताना नवऱ्याला घेऊन गेले. दार मीच सताड उघडलं.

"साहब, अब इसको पूछो. कितनों के साथ?"

तो दचकला. "धीरे बोलो. बाहर पेशंट बैठे हैं."

"उस दिन भी बैठे थे."

त्याचा हात पडद्याकडे गेला. मी पडदा धरून ठेवला. बाहेरच्या बाया आता माझ्याकडेच बघत होत्या, शेजारीणही.

आता मी साड्या घेऊन त्याच्या दवाखान्यासमोरच्या बंद दुकानाच्या ओट्यावर बसते. बाई आत जाताना दिसली की सांगते, आधी पडदा ओढायला लाव. नाही ओढला तर उठून ये, मी तुला सरकारी दवाखान्यात नेते. बऱ्याचजणी बाहेरूनच माझ्यासोबत आल्या. त्याची बाकं रिकामी व्हायला लागलीत. मला उठवायला त्यानं कंपाउंडरला पाठवलं. मग स्वतः आला, हात जोडून.

मी टिकली चिकटवत राहिले. माझ्या चामखिळी आज ना उद्या जातील. मी इथून जाणार नाही. त्याच्या दाराला कुलूप लागेल, तेव्हाच माझी साडी ह्या ओट्यावरून उचलेन.