बोटं हलवून दाखवा

आमची ही हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालते. डॉक्टर नव्हे, डॉक्टर हाड जुळवतात आणि हात धुवायला निघून जातात, पुढचं सगळं हिच्यावर. सव्वीस वर्षं झाली. आठ-आठ तास उभं राहून पट्ट्या भिजवायच्या, गुंडाळायच्या आणि शेवटी प्रत्येकाला तेच सांगायचं, बोटं हलवून दाखवा. बोटं हलली, हाताला गरम लागली, की पेशंट घरी. झोपेतसुद्धा हे वाक्य मी हिच्या तोंडून ऐकलंय.

घरी आल्यावर बोलायला हिला मी नको असतो, कोंबडी हवी असते. मुलगी लग्न होऊन गेली त्या वर्षी हिने एक पिल्लू आणलं. मोठं झाल्यावर ते मान ताठ ठेवून अंगणात अशा फेऱ्या मारायला लागलं, की हिने दवाखान्यातल्या मोठ्या नर्सबाईवरून नाव ठेवलं मेट्रन. नुसता रुबाब काय कामाचा, अंडं तरी दे म्हणावं, असं मी म्हणायचो. दोघींनी माझ्याकडे कधी लक्ष दिलं नाही.

मेट्रनचा पाय माझ्यामुळे मोडला. मी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, पुढच्या खोलीतच. त्या दिवशी टेबलावरची मोटर घसरली, आणि खाली ही बया. आमची ही घरी आल्यावर मी पहिलं काय बोललो, तर कोंबडीच मध्ये आली. चोराच्या उलट्या बोंबा! ही मला एका शब्दानं बोलली नाही. पिशवी खांद्याला तशीच ठेवून तिनं पाय चाचपला, हाड दोन ठिकाणी गेलंय म्हणाली, आणि पातेल्यात पाणी घेतलं.

प्लास्टर सुबक झालं होतं. पण मेट्रन चोचीनं कापूस उपसायला लागली, तेव्हा हिनं दुसऱ्यांदा गुंडाळलं ते थेट बोटांपर्यंत. बोटं झाकायची नसतात, हे हिच्याइतकं कुणाला ठाऊक? पण दिवसभर उभं राहून हिचे डोळे मिटत होते. झाकली, गाठ मारली आणि भात टाकायला उठली.

पुढचे सहा दिवस पहाटे उठून खोक्यातल्या चिंध्या बदलायच्या, भिजवलेला दाणा एकेक करून चोचीत घालायचा, ड्रॉपरनं पाणी, मग डबा, मग ड्युटी. संध्याकाळी परत तेच. मी करतो म्हटलं, तर तुम्ही तुमच्या मोटारी सांभाळा. बरोबरच होतं. मेट्रन मात्र हूं की चूं करत नव्हती. शहाणी आहे हो माझी, ही म्हणायची. प्लास्टरच्या खोलीत जो रडतो त्याची पट्टी आधी सैल होते. जो गप्प, तो बरा. हिचा सव्वीस वर्षांचा हिशोब तो.

सातव्या दिवशी खोक्यातून वास आला.

जनावरांच्या डॉक्टरांनी प्लास्टर कापलं. आत पंजा काळा पडला होता, थंडगार. डॉक्टर म्हणाले, पाय वरून काढावा लागेल, तरी जगेलच असं नाही. नाहीतर आत्ताच इंजेक्शन देऊन मोकळं करू. मी तिथंच वाद घालायला लागलो, की पाय कुजेपर्यंत ही ओरडली कशी नाही?

"कोंबडी दुखणं लपवते," ते म्हणाले. "कमजोर दिसली की बाकीच्या टोचून हैराण करतात. गप्प झाली, की समजायचं काहीतरी आहे."

ही बाकावर बसली.

"रोज पन्नास जणांना विचारते," ती म्हणाली. "हिलाच विचारायचं राहिलं."

मग म्हणाली, पाय काढा, मी सांभाळते. मला वाटलं होतं, घरी गेल्यावर माझ्यावर खापर फोडेल. फोडलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

मेट्रन जगली. एका पायावर उभी राहते, भिंतीला टेकून. रुबाब सगळा गेला. हिच्या कामात तेवढं ड्रेसिंग वाढलं, बाकी काही बदललं नाही.

परवा संध्याकाळी ही पायरीवर बसून ड्रेसिंग करत होती. झाल्यावर उठायला गेली आणि भिंत धरून अर्ध्यातच थांबली. हे मी वर्षभर बघतोय. बघतोय म्हणजे काय, माझ्या डोळ्यांसमोर होत होतं. काय झालं म्हटलं, तर काही नाही. रोजचंच उत्तर. रोज मी ते ऐकून मोटारीकडे वळायचो.

परवा नाही वळलो. हिला खाली बसवलं आणि गुडघ्याला हात लावला. सुजून टम्म झाला होता, चटका बसावा इतका गरम. मला माझीच लाज वाटली.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

"मग बोलली का नाहीस?"

ती मेट्रनच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी हिच्या पायातली चप्पल काढली, तळव्याखाली हात धरला.

"बोटं हलवून दाखव," मी म्हणालो.

तिनं हलवली. मग पदर तोंडात धरून रडायला लागली.