चिकपेटचं दुकान कशात गेलं

अप्पांनी जन्मात दारूला हात लावला नाही. मधुमेह होता, वजन होतं, आणि दुकानातून उठायचं नाही ही सवय. तेवढ्यावर लिव्हर गेलं. डॉक्टर 'सिरोसिस' म्हणाले तेव्हा मला काळजी लागली ती अप्पांची नव्हे. बहिणीचं लग्न ठरत होतं. सिरोसिस म्हटलं की आपल्या लोकांना बाटलीच दिसते.

म्हणून मुलाकडच्यांना कावीळ सांगितली. मग साऱ्या मंडळालाच. आमचं मराठी मंडळ म्हणजे बसवनगुडीत गणपतीला एकत्र येऊन उरलेलं वर्ष एकमेकांच्या घरात डोकावणारी माणसं. एक काकू निपाणीहून काविळीचा पाला घेऊन आल्या आणि समोर बसून रस पाजला. खोटं उघडं पडेल म्हणून अप्पा मुकाट प्याले, आणि पुन्हा अ‍ॅडमिट झाले. काकूंना कळवलं, उतार आहे.

बेळ्ळंदूरच्या माझ्या कंपनीच्या विम्यात आईवडील होते. पण तिथले क्लेम बघणारा गृहस्थ मंडळाचा खजिनदार. तो आजाराचं नाव वाचेल म्हणून मी क्लेमच टाकला नाही. असा मी शिकलेला. पोटातलं पाणी काढायचं, दर वेळी अल्ब्युमिनच्या महागड्या बाटल्या आणायच्या, सगळं रोख.

"तुझ्या ऑफिसचा विमा आहे की रे?" अप्पांनी एकदा विचारलं.

"त्यात हे बसत नाही, अप्पा."

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "मग दुकान कशाला ठेवलंय?"

घाऊक साड्यांचं दुकान, त्यांनी एका गाळ्यापासून उभं केलेलं. ते गेलं. लग्न थाटात झालं. पुढे अप्पाही गेले.

तेराव्याला पंगतीत खजिनदार शेजाऱ्याला सांगत होता, "पोट फुगलेलं, हातपाय वाळलेले. कावीळ म्हणे. आम्ही काय खुळे? भला माणूस होता, पण सगळं दुकान पिऊन टाकलं."

मी त्याच्यासमोरच वाढत होतो. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, पण मग क्लेम का टाकला नाहीस, हेही त्यानं तिथंच विचारलं असतं. आणि आई ऐकत होती.

"स्वल्प घ्या," म्हणत मी त्याच्या पानात आणखी एक लाडू ठेवला.