दहाचं आमचं, पंधराचं त्यांचं

धाकट्या जावेच्या घरी नवं इंजिन आलं, त्या दिवशी मी पेढा खाल्ला आणि तो दिवसभर घशाशी राहिला. खोटं कशाला बोलू, जळले मी. पेट्रोलचं, चकचकीत, होडीच्या मागं लटकवायचं, आणि अंगावर ठळक आकडा: पंधरा हॉर्सपॉवर. आमच्या होडीत होतं दहाचं डिझेल इंजिन, शेताला पाणी पाजून म्हातारं झालेलं. ते सुरू झालं की पलीकडच्या काठावरची कुत्री उठायची.

उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर आमची वस्ती. आमचे हे आणि धाकटे दीर, दोघांच्या दोन होड्या. आमची होडी माणसं, मोटारसायकली, वैरण असं काय वाट्टेल ते पलीकडे नेते. दिरांनी मात्र रोहित पक्षी बघायला येणाऱ्या शहरी पाहुण्यांना फिरवायचं काढलं. त्यांची होडी नाक वर करून सुसाट जायची. जाऊ काठावरून मला विचारायची, "अक्का, तुमची अजून निम्म्यातच हाय व्हय?" हसून विचारायची, हे आणखी वाईट.

त्यात भाचीचं लग्न ठरलं. भाची म्हणजे नणंदेची मुलगी, पण शाळेची सगळी वर्षं ती माझ्याकडे होती. तिच्या वेण्या मी घातल्या, तिच्या उवा मी काढल्या. आमच्या वस्तीवरची नवरी सासरी जाते ती होडीतून. ज्या होडीत ती बसेल, त्या घरच्या बाईनं पलीकडे उतरायच्या आधी तिची ओटी भरायची आणि नारळ त्याच होडीच्या नाकावर फोडायचा. ही ओटी माझीच, असं मी धरून चालले होते. सोलापूरला जाऊन खणसुद्धा आणला होता, हिरवा, जरीकाठी.

आदल्या दिवशी भाचीनं माझ्या गळ्यात हात टाकले. "मोठ्या मामी, रागवू नका हां. धाकट्या मामींची होडी शूटिंगला लई भारी दिसती. ड्रोन येणार हाय की."

"बस की. मला काय त्याचं," असं म्हणून मी आत गेले आणि भांडी आपटली.

लग्न झालं. त्यांच्या होडीत नवरा-नवरी, करवल्या, सासरची जाडजूड मंडळी. आमच्या होडीत कपाट, गाद्या, रुखवत आणि मी. निम्म्या पाण्यात समोरून वारा सुटला. आमचं इंजिन डुगडुगत चाललेलं, आणि दिरांचं मात्र घरघरायला लागलं. मिक्सरमध्ये शेंगाची चटणी घट्ट झाली की पातं अडकतं, मोटर कण्हते आणि जळका वास सुटतो, तसं. होडी जागची हलेना, उलट वाऱ्याबरोबर मागं सरकायला लागली. मला आनंद झाला. लपवत नाही.

"कुटं गेलं पंधरा घोडं?" मी ह्यांना विचारलं.

"हायेत की," सुकाणू वळवत हे म्हणाले. "पन नुसत्या घोड्यांचं काय? पाण्यातला पंखा किती जोरानं पिळतो आन् किती फेरं मारतो, दोनी मिळून हॉर्सपॉवर. मेकॅनिक त्या पिळाला टॉर्क म्हणतात. धाकल्यानं पळायचा पंखा लावलाय. वजन आलं, फेरं पडलं, की घोडंबी पडलं. आपलं सावकाश फिरतं, पन पीळ धरून."

माझी छाती फुगली. तेवढ्यात हे पुढं म्हणाले, "त्यानं वडायचा पंखा लावला असता, तर आपल्यापेक्षा जास्त वडलं असतं."

हे सांगायची काय गरज होती? असा नवरा शत्रूलाही मिळू नये.

मी म्हटलं, "नवरीला आपल्यात घेऊ." हे म्हणाले, "भर पाण्यात मानसं बदलायची न्हाईत." त्यांनी दोर फेकला, दिरांनी तो आपल्या होडीच्या नाकाला बांधला. आमचं म्हातारं इंजिन काळा धूर ओकत दोन्ही होड्या ओढायला लागलं. मी आमच्या होडीच्या मागच्या टोकाला बसले होते, तोंड नवरीकडे. मध्ये नुसता दोर. काठ जवळ आला तशी जाऊ उठली आणि माझ्या डोळ्यांदेखत तिनं ओटी भरली. पोरगी रडत होती, जाऊ तिचे डोळे पुसत होती. माझा खण माझ्या मांडीवर होता. नारळ त्यांच्याच होडीच्या नाकावर फुटला, आमच्या दोराच्या गाठीशेजारी.

तो व्हिडिओ जावेनं स्टेटसला ठेवला. भाचीनं मलाही पाठवला, खाली हात जोडलेले. वरून घेतलेलं निळं पाणी, फुलांनी सजवलेली होडी, मधोमध नवरी. नाकापासून एक दोर ताठ निघतो आणि चित्राच्या कडेपाशी संपतो. पुढं आम्ही होतो. मी तो रोज बघते, आणि रोज जळते.