ओवून ठेवलेली सुई

"मला दिसतंय अजून, तुम्ही पोरीचं बघा," टेलरमास्तर संस्थेच्या ताईंना म्हणाले होते.

संस्था अडल्यानडल्या घरांना हात द्यायची. मुलांची फी, आजाऱ्याची औषधं, नाहीतर तुंबलेलं भाडं. पण एका घराला एका वेळी एकच. मास्तरांच्या मुलीला नर्सिंग शिकायचं होतं, आणि मास्तरांच्या डोळ्यांत काचबिंदू वाढत होता. सकाळी मुलगी मूठभर सुया ओवून मशीनजवळच्या उशीत टोचून ठेवायची, तेव्हा कुठे दिवसभराची काजं-बटणं उरकायची.

ताई घरी आल्या, त्यांनी डोळ्यांचं विचारलं. मास्तरांनी उशीतली ओवलेली सुई चिमटीत धरली, दोरा मुठीत दडवला. खिडकीकडे वळले, मान तिरकी केली आणि आत्ताच ओवल्यासारखा दोरा झरकन बाहेर ओढला. "बघा. झालं समाधान?"

ताई हसल्या. मुलगी चहा घेऊन दारातच उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही. तिनेही तोंड उघडलं नाही. फी मंजूर झाली.

आता ती डोळ्यांच्या वॉर्डात नर्स आहे. "वेळेवर आलात," असं डॉक्टर कुणाला म्हणाले की तिच्या हातातली ड्रॉपची बाटली थबकते. एकदा तिने विषय काढला, "बाबा, मी तेव्हा बोलायला हवं होतं."

"कधी?" म्हणत मास्तरांनी रेडिओचा कान पिळला.

संस्थेच्या मदतीने शिकलेल्यांचा मेळावा होता. मास्तर लेकीच्या दंडाला धरून आले. माणसं त्यांना सावल्यांएवढीच दिसत.

"मास्तर, ओळखलंत का?" ताईंनी विचारलं.

"आवाज तोच आहे. अंगाने मात्र सुधारलात. खुर्ची कुरकुरली म्हणून म्हटलं."

हशा पिकला. ताईंनी मग सुईची गोष्ट रंगवून सांगितली. "असा स्वाभिमान!" म्हणत पर्समधून सुईदोरा काढून त्यांच्या हातात दिला. "दाखवा या पोरांना, हात अजून तसाच आहे ना."

दोरा सुईच्या बाजूने निसटला. मास्तर गंमत करताहेत असं वाटून लोक हसले. पुन्हा निसटला. आता कुणी हसलं नाही.

मास्तरांनी मान शेजारच्या खुर्चीकडे वळवली. लेक तिथेच होती. एक वाक्य पुरलं असतं. वाक्य नको, त्यांच्या हातातून सुई काढून घेतली असती तरी चाललं असतं. पण समोर ताई होत्या, आजूबाजूला माणसं होती. ती आपल्या बुटांकडे बघत राहिली, त्या दिवशी चहाच्या कपांकडे बघत होती तशीच.

मास्तरांनी जरा वाट पाहिली. मग शिवताना टोचायचे तशी ती रिकामी सुई कॉलरला टोचली, दोरा लेकीच्या मांडीवर ठेवला आणि खुर्च्यांच्या पाठी चाचपत बाहेर निघून गेले.