मामीची मेथी आणि मामांचा शेवटचा सीन

मामा गेल्याचा फोन मामीनंच केला. मी पिंपळगावला टेम्पोत द्राक्षांच्या पेट्या चढवून घेत होतो. “बाळू, तुझे मामा गेले. येताना दोन लिटर दूध आण, माणसं जमतील,” एवढं बोलून तिनं फोन ठेवला. घरात लेखक मामा होते खरे, पण मोजकं बोलावं ते मामीनं.

मामांनी तीन चित्रपट लिहिले आणि दुसरं कुणी काढेना म्हणून स्वतःच काढले. पंचवटीतल्या त्यांच्या घरात लेखनाची एक पक्की रीत होती. मामी भाजी निवडायला बसली की मामा समोर पाट घेऊन सीन वाचायचे, नजर कागदावर कमी, तिच्या बोटांवर जास्त. बोटं थांबली तर सीन पास, चालू राहिली तर कागद फाडायचा... “हिच्यापेक्षा सेन्सॉरवाले परवडले,” म्हणायचे.

दुसऱ्या चित्रपटात मला त्यांनी प्रेताचं काम दिलं. “अभिनय तुला येत नाही, हाच रोल सुरक्षित.” भर दुपारी घाटावर मी तिरडीवर आडवा, नाकाशी उदबत्तीचा धूर... आणि मी शिंकलो. खोट्या रडणाऱ्या बायका खऱ्या किंचाळल्या. मामांनी मात्र तिथंच पायरीवर बसून कथेतला माणूस जिवंत केला. संध्याकाळी तो सीन ऐकताना मामीच्या हातातली गवार तशीच राहिली. चित्रपट आठवडाभरात उतरला. शिंक तेवढी गावाच्या लक्षात राहिली. मामा गेले त्या दिवशी त्यांना खाली ठेवलं, उदबत्ती लावली, तेव्हा मी कितीतरी वेळ त्यांच्या नाकाकडेच बघत होतो...

चौथ्या पटकथेचा शेवट मामीनं अकरा वेळा नापास केला होता. बारावा मामांच्या उशीखाली सापडला. मामांचा तेरावा दिवस झाल्यावर मी तो शेवट घेऊन मामीसमोर पाटावर बसलो. हा तरी पास व्हावा, एवढंच मनात होतं. म्हातारी नवऱ्याला मनमाडला गाडीत बसवून देते. गाडी सुटते, आणि बघते तर त्याचा जेवणाचा डबा तिच्याच हातात.

मी वाईटच वाचलं. मामीची बोटं मेथी खुडत राहिली, क्षणभरही थांबली नाहीत.

“काय मामी, ठेवायचा?”

“लांबलाय. कुठं थांबायचं ते त्यांना कधी कळलंच नाही,” म्हणत ती आत गेली.

मी खजील होऊन पसारा आवरायला घेतला. पातेल्यात नुसत्या काड्या होत्या. हिरवीगार पानं सगळी पेपरवर, केरात टाकायच्या ढिगात.

मी कागदावर मामांच्या लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण केली आणि आवाज न करता पानं पातेल्यात भरली.